कारणे द्या : जाक कुस्तो समुद्राचा राखणदार झाला

'मॅनफिश' नावाचं एक चित्रपुस्तक आहे. अमेरिकेत २००८ साली निघालं. लिहिलंय जेनिफर बर्न यांनी आणि चित्रं काढली आहेत एरिक पुईबारे या फ्रेंच चित्रकाराने. मुलीने नातीसाठी आणलं, नातीचं वाचून झालं आणि आता त्याचा मुक्काम माझ्या कपाटात आहे. (घरच्यांपैकी कुणाला हवं असेल तर न्या, पण परत आणून द्या!)

हे जाक-ईव्ह कुस्तो या फ्रेंच समुद्रसंशोधकाचं चरित्र. पाच-सात वर्षांच्या मुलांसाठी चरित्र लिहिणं किती अवघड असतं ते शिक्षकांना विचारा. एका पानावर चार ओळी, बाकी चित्र. त्या चार ओळींत माणूस उभा राहिला पाहिजे. या पुस्तकात तो राहतो. पाण्यात डुंबायला आवडणारा, जहाज तरंगतं कसं याचं कोडं पडणारा, पैसे साठवून सिनेमाचा कॅमेरा विकत घेणारा किडकिडीत मुलगा. मग तो नौदलात जातो, एक दिवस डोळ्यांवर चष्मा लावून पाण्यात डोकं घालतो आणि समोर नवीनच जग उघडतं. पुढे श्वास घेण्याचं यंत्र, 'कॅलिप्सो' हे जहाज, चित्रपट. शेवटी समुद्र घाण होताना दिसल्यावर तो वाचवायची धडपड, आणि पुस्तक वाचणाऱ्या मुलाला 'आता पुढे तू' असं सुचवून निरोप. चित्रांतला निळा रंग तर असा की पान उलटायला हात धजत नाही.

इतकं आवडूनही मला एक ठिकाणी अडखळायला झालं. मी अनेक वर्षं इतिहास शिकवला. आमच्या प्रश्नपत्रिकेत एक ठरलेला प्रश्न असे, 'कारणे द्या'. विधान वर छापलेलं असायचं, खाली मुलांनी कारण लिहायचं. तसं इथे विधान मांडलं, 'जाक कुस्तो समुद्राचा राखणदार झाला', तर उत्तर काय लिहायचं? पुस्तकाप्रमाणे उत्तर एवढंच की त्याचं समुद्रावर लहानपणापासून प्रेम होतं. एक गुण देता येईल, तोही अक्षर चांगलं असेल तर. प्रेम तर कोळ्याचंही असतं, शिकाऱ्याचंही जंगलावर असतं. खरं कारण शोधायला त्या पुस्तकातल्या दोन पानांच्या मधे काय घडलं ते बघावं लागतं.

कुस्तोचा जन्म ११ जून १९१० चा, बोर्दोजवळच्या सँ-आंद्रे-द-क्युब्झाक गावातला. लहानपणी तब्येत नाजूक. वडील एका श्रीमंत अमेरिकन माणसाच्या नोकरीत, त्यामुळे काही काळ कुटुंब न्यूयॉर्कला होतं. तिथे उन्हाळी शिबिरात तळ्याच्या तळाशी साचलेल्या फांद्या काढायचं काम या पोराला मिळालं आणि तो बुड्या मारायला शिकला. १९३० मध्ये नौदलाच्या अकादमीत गेला तो वैमानिक व्हायचं म्हणून. १९३६ साली मोटारीच्या अपघातात दोन्ही हात मोडले आणि विमान संपलं. हातात ताकद यावी म्हणून टूलाँच्या किनाऱ्यावर पोहायला लागला. तिथे फिलिप तायये या सहकाऱ्याने त्याला पोहण्याचा चष्मा दिला. फ्रेदेरिक द्युमा हा तिसरा गडी नंतर येऊन मिळाला.

हे तिघे पाण्याखाली काय करत होते? तर शिकार. भाल्याने मासे मारत होते. द्युमा त्यात असा तरबेज की किनाऱ्यावर त्याचं नाव होतं. कुस्तोने १९४२ मध्ये पाण्याखालचा पहिला चित्रपट काढला, 'अठरा मीटर खोलीवर' अशा अर्थाच्या नावाचा. त्याचा विषय हाच, द्युमाची शिकार. त्या वेळी श्वासाचं यंत्र नव्हतं, छातीत भरून घेतलेल्या हवेवर सगळं चित्रण. युद्धामुळे सिनेमाची फिल्मही मिळेना, तेव्हा फोटोच्या कॅमेऱ्याचे छोटे छोटे रोल आणून ते पांघरुणाखालच्या अंधारात एकमेकांना जोडले. ही जिद्द मुलांना जरूर सांगावी. पण त्या कॅमेऱ्यासमोर भाला होता.

आता त्या यंत्राची हकिगत, कारण ती फार सुरेख आहे आणि चित्रपुस्तकात तिला जितकी जागा मिळते त्यापेक्षा कितीतरी जास्त मिळायला हवी.

पाण्यात दहा मीटर खाली गेलं की अंगावरचा दाब दुप्पट होतो. वर तोंड काढलेल्या लांब नळीने तिथे श्वास घेता येत नाही, कारण छातीवर पाणी दाबत असतं आणि फासळ्या फुगत नाहीत. म्हणजे फुप्फुसात जाणारी हवाही बाहेरच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाची हवी, आणि ती माणूस श्वास घेईल तेव्हाच यायला हवी, नाहीतर टाकी भराभर रिकामी होते. कल्पना नवीन नव्हती. फ्रान्समध्येच रुकेरोल आणि दनेरूझ या दोघांनी १८६० च्या दशकात मागणीप्रमाणे हवा देणारी झडप केली होती. कुस्तोच्या आधी काही वर्षं ल प्रिअर नावाच्या नौदल अधिकाऱ्याने पाठीवरच्या टाकीचं उपकरण केलं, पण त्यात हवा सारखी वाहत राहायची. कुस्तोने शुद्ध ऑक्सिजनचाही प्रयोग केला आणि त्यात दोनदा झटके येऊन मरता मरता वाचला.

१९४२ च्या नोव्हेंबरात जर्मन सैन्य दक्षिण फ्रान्समध्ये घुसलं. २७ नोव्हेंबरला टूलाँ बंदरात फ्रेंच नौदलाने आपली सत्तरहून अधिक जहाजं शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून स्वतःच बुडवली. कुस्तोही नौदलातलाच अधिकारी. जहाजंच उरली नाहीत, तर नौदलाच्या अधिकाऱ्याने करायचं काय! पुढच्याच महिन्यात तो पॅरिसला गेला. त्याचे सासरे 'एर लिकीद' या वायू बनवणाऱ्या कंपनीत संचालक होते. त्यांच्यामुळे एमिल गान्यां या इंजिनियरशी गाठ पडली. जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये पेट्रोल मिळत नसे, म्हणून मोटारी वायूवर चालवत, आणि इंजिनाला लागेल तेवढाच वायू सोडणारी एक झडप गान्यांने तयार केली होती. कुस्तोने आपल्याला काय हवंय ते सांगितलं, तेव्हा गान्यांने ती झडपच पुढे केली. इंजिनाच्या जागी माणूस, एवढाच फरक.

जानेवारी १९४३ मध्ये पॅरिसजवळ मार्न नदीच्या गार पाण्यात पहिली चाचणी झाली. आडवं पोहताना उपकरण छान चाले. उभं राहिलं की हवा भसाभसा वाहून जाई, डोकं खाली केलं की श्वास ओढणं जड जाई. का? कारण उच्छ्वास बाहेर जाण्याचं तोंड आणि हवा आत सोडणारा पडदा यांच्यामधे थोडं अंतर होतं, आणि तेवढ्या अंतरानेही पाण्याचा दाब बदलतो. दोन्ही एकमेकांशेजारी आणल्यावर काम झालं. (विज्ञानाच्या शिक्षकांनो, दाबाचा धडा शिकवायला याहून चांगलं उदाहरण सापडणार नाही.) आज मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पर्यटक पाठीवर टाकी बांधून पाण्यात उतरतात, तेव्हा त्यांच्या तोंडाशी असते ती याच झडपेची पणती. गान्यां हे नाव त्यातल्या किती जणांनी ऐकलं असेल?

जून १९४३ मध्ये भूमध्य समुद्रावर, बांदोल गावाजवळच्या एका कोपऱ्यात कुस्तोने ते पाठीवर बांधलं. वरती त्याची बायको सिमोन पाण्यावर तरंगत खाली लक्ष ठेवून होती. कुस्तोने खाली कोलांट्या मारल्या, डोक्यावर उभा राहिला. पक्ष्याला पंख फुटावेत तसं झालं असणार. आणि मग? मग एका कपारीत शेवंडं दिसली, ती धरून त्याने वर सिमोनच्या हाती दिली. दुपारच्या जेवणाला! युद्धाचे दिवस, अन्नाची टंचाई, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण पाण्याखाली मोकळेपणाने वावरण्याच्या त्या पहिल्या दिवशीसुद्धा समुद्र म्हणजे काहीतरी काढून आणण्याची जागा होती, हे लक्षात ठेवू या.

युद्ध संपल्यावर नौदलाने या मंडळींचं एक संशोधन पथक केलं. १९४७ मध्ये त्यातला मोरिस फार्ग १२० मीटर खोलीवर गेला तो बेशुद्धच वर आला आणि वाचला नाही. खोल पाण्यात हवेतला नायट्रोजन माणसाला दारू प्याल्यासारखा झिंगवतो, हे तेव्हा असं जीव देऊन कळत होतं.

१९५० मध्ये 'कॅलिप्सो' आली. अमेरिकेत ब्रिटिश नौदलासाठी बांधलेलं सुरुंग काढणारं लाकडी जहाज. युद्धानंतर ते माल्टा आणि गोझो बेटांमधे माणसं आणि गाड्या नेण्याचं काम करत होतं. लोएल गिनेस या धनिकाने ते घेतलं आणि कुस्तोला वर्षाला एक फ्रँक भाड्याने दिलं. सामानसुमानासाठी सिमोनने आपले दागिने विकले असं सांगतात. पुढची चाळीस वर्षं त्या जहाजावर नवऱ्यापेक्षा ती जास्त राहिली, खलाशांचं सगळं बघितलं, आणि कॅमेऱ्यासमोर मात्र क्वचितच आली. तिच्यावर एक वेगळं चित्रपुस्तक व्हायला हरकत नाही.

जहाज फुकट मिळालं तरी डिझेल फुकट मिळत नाही. १९५४ साली 'कॅलिप्सो' इराणच्या आखातात गेली ती ब्रिटिश पेट्रोलियमसाठी. अबुधाबीच्या किनाऱ्यासमोर समुद्रतळावर उतरून कुस्तोच्या पाणबुड्यांनी खडकांचे नमुने गोळा केले. चारच वर्षांनी, १९५८ मध्ये, तिथल्या समुद्रात तेल सापडलं. समुद्राचा राखणदार म्हणून ज्याला जग ओळखतं, त्याच्या सफरींचा खर्च काही अंशी तेलाने भागवला. मला यात ढोंग दिसत नाही. त्याला ते तेव्हा वाईट वाटतच नव्हतं, त्या काळात कोणालाच वाटत नव्हतं.

आणि मग १९५६ चा चित्रपट, 'द सायलेंट वर्ल्ड'. सोबतीला दिग्दर्शक होता लुई माल, वय अवघं तेवीस. कान महोत्सवातलं सर्वोच्च पारितोषिक याला मिळालं, शिवाय ऑस्कर. कानमध्ये माहितीपटाला ते पारितोषिक पुन्हा मिळायला २००४ साल उजाडावं लागलं. आंतरजालावर त्यातले तुकडे सापडतात, मी पूर्ण चित्रपट पाहिला. नातीला दाखवायचा की नाही ते ठरवायचं होतं.

सांगते काय आहे त्यात. पाण्याखालची दृश्यं आजही डोळे दिपवतात. पण एका प्रसंगात प्रवाळावर सुरुंग लावून स्फोट करतात. कशासाठी, तर तिथे कोणकोणते मासे आहेत ते मोजायला. मेलेले मासे वेचून त्यांची यादी. दुसऱ्या प्रसंगात एक जण कासवाच्या पाठीला धरून सवारी करतो. आणि तिसरा प्रसंग बघताना मी उठून पाणी प्यायले. 'कॅलिप्सो' देवमाशांच्या कळपाच्या फार जवळ जाते, एक पिल्लू तिच्या पंख्यात सापडून कापलं जातं. त्याचे हाल थांबवायचे म्हणून त्याला मारतात. रक्ताच्या वासाने शार्क जमतात, पिल्लाचे लचके तोडायला लागतात. ते बघून खलाशी खवळतात आणि शार्कना आकड्याने डेकवर ओढून कुऱ्हाडीने मारतात. पिल्लू कोणामुळे मेलं? जहाजामुळे. शिक्षा कोणाला? शार्कना, जे फक्त आपलं जेवण जेवत होते. आणि हे सगळं लपवलेलं नाही. मोठ्या अभिमानाने चित्रित करून, संगीत घालून जगाला दाखवलेलं आहे. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या, परीक्षकांनी बक्षीस दिलं.

तेव्हा कारण शोधायचं तर या डेकपासून निघावं लागतं. इथून पुढच्या वीस वर्षांत हा माणूस बदलला. एका रात्रीत नाही. १९५७ मध्ये तो मोनाकोच्या समुद्रविज्ञान संग्रहालयाचा संचालक झाला. १९६० मध्ये फ्रान्सच्या अणुऊर्जा खात्याने किरणोत्सर्गी कचरा भूमध्य समुद्रात टाकायचं ठरवलं, तेव्हा तो उघडपणे विरोधात उभा राहिला, आणि त्या किनाऱ्यावरच्या लोकांच्या विरोधापुढे सरकारला तो बेत सोडावा लागला. पण म्हणून तो लगेच संत झाला असं नाही. १९६२ ते १९६५ या काळात त्याने समुद्रतळावर माणसांची घरं बसवली. पहिलं मार्सेजवळ, दुसरं सुदानच्या किनाऱ्यासमोर तांबड्या समुद्रात, तिसरं नीसजवळ शंभर मीटर खोलीवर. त्यासाठीही तेल कंपन्यांचा पैसा होता, आणि तिसऱ्या घरातल्या माणसांनी तेलविहिरीच्या यंत्रावर काम करून दाखवलं. १९६२ मध्ये लंडनच्या एका परिषदेत तर तो म्हणाला होता की पुढे शस्त्रक्रिया करून माणसाला पाण्यात राहण्याजोगं करता येईल! म्हणजे माणूस समुद्राचा मालक होणार, ही कल्पना अजून शाबूत होती.

ती मोडली कशाने? मला वाटतं, परत परत त्याच जागी बुडी मारण्याने. कुस्तोपाशी एक गोष्ट अशी होती जी दुसऱ्या कोणापाशी नव्हती. १९३६ पासून तो एकाच किनाऱ्याचा तळ पाहत आला होता आणि त्यातलं बरंच फिल्मवर उतरलेलं होतं. जिथे मोठाले मासे भाल्यासमोर निर्धास्त येत, तिथे आता नुसता खडक उरलेला तो पाहत होता. बंदरांचा मैला, कारखान्यांचं पाणी, ही कारणं होतीच. पण त्यांच्या भाल्यांचं अनुकरण करणारे हजारो लोक त्याच पाण्यात उतरले होते, हेही एक कारण होतं. १९६८ पासून दूरचित्रवाणीवर त्याची मालिका सुरू झाली. तिच्यात शार्क पुन्हा आले, पण या वेळी त्यांच्याकडे कुतूहलाने बघायला. सत्तरच्या दशकात त्याने संस्था काढली. १९८८ मध्ये अंटार्क्टिकात खाणकामाला वाट करून देणारा करार झाला, तेव्हा त्याविरुद्ध त्याने सह्या गोळा केल्या. फ्रान्स आणि ऑस्ट्रेलियाने त्या करारातून अंग काढलं आणि १९९१ मध्ये माद्रिदला उलटाच करार झाला, खाणकामाला बंदी घालणारा. एकट्या कुस्तोचं हे श्रेय नाही, पण त्याचा वाटा मोठा.

मधे २८ जून १९७९ ला त्याचा धाकटा मुलगा फिलिप लिस्बनजवळ नदीवर उतरणाऱ्या विमानाच्या अपघातात गेला. सगळ्या मोहिमांत बापाच्या खांद्याला खांदा लावणारा तो मुलगा. याबद्दल मी जास्त लिहीत नाही.

तर मग चित्रपुस्तकात हे सगळं घालायचं का? नाही, सगळं मुळीच नाही. कुस्तोचा थोरला भाऊ पिएर-आंत्वान युद्धकाळात नाझींची तळी उचलणाऱ्या, ज्यूद्वेष्ट्या साप्ताहिकाचा संपादक होता. १९४६ मध्ये त्याला मृत्युदंड झाला, तो नंतर कमी केला गेला. नौदलाच्या गणवेशात जाऊन कुस्तोने भावासाठी साक्ष दिली होती. हे मोठ्यांच्या चरित्रात हवंच, पण सात वर्षांच्या मुलाला यातून काही उलगडणार नाही. कुस्तोचं दुसरं कुटुंबही तसंच, सिमोन १९९० मध्ये गेल्यावर लोकांना कळलेलं. ते खुशाल वगळा.

शार्कचं मात्र वगळू नये. कारण ते वगळलं की शेवटचं पान अधांतरी राहतं. आपल्याकडच्या 'थोरांची ओळख' छापाच्या पुस्तकांतही हेच व्हायचं. थोर माणूस पाळण्यातूनच थोर, मधे काही घडतच नाही. वर्गातल्या दंगेखोर मुलाला वाटे, हे आपलं काम नव्हे, आपण कालच सरड्याला दगड मारलाय.

शेवटी मी नातीला चित्रपट दाखवला नाही, गोष्ट सांगितली. देवमाशाच्या पिल्लाचीही. वय वर्षं सात. ती बराच वेळ गप्प होती. मग विचारलं, "आजी, मग त्याने सॉरी म्हटलं का?"

मी तिला म्हटलं, त्याने कोणते शब्द वापरले ते मी तुला सांगू शकत नाही, त्याने काय केलं ते सांगते. आणि अंटार्क्टिकाचं सांगितलं. १९९० मध्ये तो प्रत्येक खंडातलं एक अशी सहा मुलं बरोबर घेऊन तिथे गेला होता, तेही सांगितलं. वय ऐंशीच्या आसपास. त्यावर तिने लगेच आपल्याला कुठल्या खंडातून पाठवतील याची चौकशी केली, आणि शार्क मागे पडले. तिला मिळालेलं उत्तर पुरेसं होतं की नाही, ती मोठी झाल्यावर ठरवेल.

'कॅलिप्सो' जानेवारी १९९६ मध्ये सिंगापूर बंदरात एका बार्जच्या धडकेने बुडाली. तिला वर काढलं, पण कुस्तोच्या हयातीत ती परत समुद्रावर गेली नाही. २५ जून १९९७ ला पॅरिसमध्ये तो गेला आणि जन्मगावीच त्याला पुरलं.

मंडळी, एक विचारायचं राहिलं. मराठीत लहान मुलांसाठी असं एखादं चरित्र आहे का, ज्यात मोठा माणूस मधेच आपलं मत बदलतो आणि तसं बदलताना दिसतो? माझ्या कपाटात तरी सापडलं नाही. तुमच्याकडे असेल तर नाव कळवा, मी वाट बघते.